हेन्लीचा नियम कोणामुळे बदलला? हातावर पोट असलेल्यांच्या नौकेची कथा

१/ पैशासाठी नव्हे, तर खेळावरील निखळ प्रेमापोटी खेळणारा तो हौशी खेळाडू, ही व्याख्या आजही मोठ्या आदराने सांगितली जाते. नौकानयनाच्या इतिहासात मात्र ती साफ खोटी ठरते. किती खोटी, हे ऑस्ट्रेलियाच्या मर्विन वुड या पोलिसाच्या कारकिर्दीतून दिसते. (धागा)

२/ थेम्स नदीवरील हेन्ली रॉयल रेगाटा ही नौकानयनातील अत्यंत प्रतिष्ठेची स्पर्धा. १८७९ मध्ये तिच्या संयोजकांनी ‘हौशी’ कोण हे ठरवले. पैशासाठी वल्हवणाऱ्यांना मज्जाव होता, इथवर समजण्यासारखे आहे. पण यांत्रिक, कारागीर वा मजूर म्हणून रोजंदारीवर काम करणारा, किंवा पूर्वी कधी केलेला माणूसही हौशी नव्हे, असे कलम त्याला जोडले गेले.

३/ या कलमातला प्रश्न नीट वाचावा. खेळातून पैसा मिळवला का, असे ते विचारत नाही. पोट कशावर भरते, असे विचारते. गवंड्याने वल्ह्यावर एक पैसाही कमावला नसला तरी तो बाद. बापजाद्यांच्या जमिनीच्या खंडावर जगणारा मात्र शुद्ध हौशी!

४/ या नियमाचे समर्थक म्हणतात की श्रमिकाचे शरीर कामाने कमावलेले असते, म्हणून लढत विषम होते. दिवसभर विटा वाहून थकलेला माणूस आणि ईटन-ऑक्सफर्डमध्ये मार्गदर्शकाच्या नजरेखाली रोज सराव करणारा तरुण, यांत विषमता कोणाच्या बाजूची होती? ‘काळच तसा होता’ हा बचावही टिकत नाही. श्रमिकांना सामावून घेणारी नॅशनल अ‍ॅमॅच्युअर रोइंग असोसिएशन त्याच इंग्लंडमध्ये १८९० साली उभी राहिली होती. पर्याय डोळ्यांसमोर होता. तो नाकारला गेला.

५/ आता सर्वांची आवडती दंतकथा. फिलाडेल्फियाच्या जॉन केली या गवंड्याला १९२० मध्ये हेन्लीने प्रवेश नाकारला. त्याच वर्षी त्याने अँटवर्प ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकले. पुढे १९४७ मध्ये त्याच्या मुलाने हेन्लीची डायमंड स्कल्स जिंकून बापाच्या अपमानाचा सूड घेतला आणि उच्चभ्रूंचा गड कोसळला. मुलाची बहीण म्हणजे अभिनेत्री ग्रेस केली. मग कथेला आणखी काय हवे?

६/ यातील घटना खऱ्या, निष्कर्ष चुकीचा. नकारामागे केलीच्या क्लबवर आधीपासून असलेली बंदी हेही एक कारण होते. मुलगा स्पर्धेत उतरला तोवर वडील श्रीमंत बांधकाम कंत्राटदार झाले होते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे १९४७ मध्ये तो गड पाडायचा राहिलाच नव्हता. ते कलम दहा वर्षांपूर्वीच गेले होते. कोणामुळे?

७/ १९३६. बर्लिन ऑलिंपिकसाठी निघालेला ऑस्ट्रेलियाचा आठ वल्हेकऱ्यांचा संघ हेन्लीच्या ग्रँड चॅलेंज कपमध्ये उतरू इच्छित होता. हे सारे न्यू साउथ वेल्सचे पोलीस. पोलीस म्हणजे अंगमेहनतीचा नोकर, असा अर्थ लावून त्यांना प्रवेश नाकारण्यात आला. संघात १९ वर्षांचा मर्विन वुड होता.

८/ ऑलिंपिकला चालणारा राष्ट्रीय संघ एका रेगाटाला चालत नाही, याची इतकी नाचक्की झाली की १९३७ मध्ये नियमातून अंगमेहनतीचा उल्लेख वगळावा लागला. हे औदार्य नव्हते, अब्रूचा प्रश्न होता. त्या पोलिसांनी बर्लिनमध्ये पदक जिंकले नाही. अंतिम फेरीही गाठली नाही. तरी नियम बदलला तो त्यांच्या प्रकरणामुळे.

९/ आणि वुड परत आला. १९४८ मध्ये त्याच हेन्लीत त्याने डायमंड स्कल्स जिंकली. त्या वर्षीच्या लंडन ऑलिंपिकचे नौकानयनही हेन्लीलाच झाले. सिंगल स्कल्सच्या अंतिम शर्यतीत उरुग्वेच्या एदुआर्दो रिसोला जवळपास १४ सेकंदांनी मागे टाकून वुडने सुवर्णपदक मिळवले. ज्या पाण्यावर १२ वर्षांपूर्वी त्याच्या नौकेला मनाई होती, ते हेच पाणी.

१०/ १९५० च्या ऑकलंड येथील साम्राज्य क्रीडास्पर्धेत सुवर्ण. १९५२ मध्ये हेन्लीची दुसरी डायमंड स्कल्स आणि हेलसिंकीत सोव्हिएत युनियनच्या युरी त्युकालोव्हमागे रौप्य. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये, वयाच्या ३९ व्या वर्षी, मरे रायलीसोबत डबल स्कल्सचे कांस्य. १९५२ आणि १९५६ च्या उद्घाटन सोहळ्यांत ऑस्ट्रेलियाचा ध्वज त्याच्याच हाती होता.

११/ वुडला संत ठरवण्याची गरज नाही. पुढे तो न्यू साउथ वेल्सचा पोलीस आयुक्त झाला आणि १९७९ मध्ये भ्रष्टाचाराच्या आरोपांच्या गदारोळात त्याने राजीनामा दिला. ते आरोप न्यायालयात सिद्ध झाले नाहीत. पण प्रवेशाचा हक्क ही चांगल्या वर्तनाची बक्षिसी नसते. १९३६ चा अन्याय अन्यायच राहतो.

१२/ केलीची कथा का गाजते? तीत एकटा नायक आहे आणि व्यवस्थेला काही विचारावे लागत नाही. मुलगा जिंकला, हिशेब मिटला. वुडची कथा अवघड प्रश्न विचारते. नियम कोणी लिहिला, कोणासाठी लिहिला आणि ५८ वर्षे तो कोणालाच कसा खुपला नाही? खुपला तर होताच. पण ज्यांना खुपला ते काठावर उभे होते.

१३/ नाशिक जिल्ह्यातील दत्तू भोकनळ २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये याच सिंगल स्कल्समध्ये उतरला. सैन्यात जाण्यापूर्वी त्याने मजुरी केली होती. १८७९ च्या कलमातील ‘किंवा पूर्वी कधी केलेला’ हे शब्द त्याला हेन्लीच्या काठावरूनच परत पाठवायला पुरेसे होते. म्हणून ‘पूर्वी खेळ किती निर्मळ होता’ असे कोणी म्हणाले, तर त्या निर्मळ पाण्यात कोणाला उतरू दिले जात नव्हते, एवढेच विचारावे. (समाप्त)