सिमेंट कोणासाठी महागते?

बंगळूरच्या जे. पी. नगरात इमारती उभारणारे कित्येक मजूर कलबुर्गी भागातून येतात. त्याच जिल्ह्यातील वाडी, मळखेड, सेडम येथील चुनखडीपासून सिमेंट तयार होते. ज्यांच्या भूमीतून सिमेंट निघते, त्यांनाच गावाकडील घराच्या भिंती पोत्याच्या भावापायी अर्ध्यावर सोडाव्या लागतात!

मजुरी वाढल्याने बांधकाम महागले, हा मालकवर्गाचा कांगावा आहे. १९८२ साली सिमेंटवरील किंमत-नियंत्रण अंशतः, तर १९८९ साली पूर्णतः उठले. नियंत्रणाच्या काळात काळाबाजार होता, हे खरे. परंतु मक्तेदारांना मोकळे रान देणे हा त्यावरील उपाय नव्हे. २०१२ साली स्पर्धा आयोगाने ११ सिमेंट कंपन्यांना संगनमताबद्दल ६,००० कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. कंपन्यांनी अपिले केली आणि वाद वर्षानुवर्षे चालत राहिला.

सप्टेंबर २०२५ मध्ये सिमेंटवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. ही सवलत पोत्याच्या किमतीत उतरते की नफ्यात जिरते, यावर पहारा कोणाचा?

म्हणूनच सिमेंट-सळईच्या किमतींवर सार्वजनिक नियंत्रण आणि बांधकाम मजुरांना महागाई भत्त्याची काटेकोर अंमलबजावणी, या दोन्ही मागण्यांचा लढा एकच आहे.