बर्फ आला आणि मीठ गेले?

मालवणच्या मासळीचा इतिहास हल्ली एका वाक्यात उरकला जातो: पूर्वी मासे खारवत, मग बर्फ आला आणि मीठ गेले. यातला पूर्वार्ध खरा आहे. उत्तरार्ध मात्र चूक आहे, आणि ती चूक साधी नाही.

पूर्वार्धाला पुरावे आहेत. ब्रिटिश अमदानीत मुंबई इलाख्याच्या किनाऱ्यावर मासे खारवण्याची सरकारी आवारे होती. मिठावर जबर कर असताना तेथे ते सवलतीने मिळे. त्याच कराविरुद्ध १९३० साली शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रह झाला.

आता बर्फाच्या कारखान्यात डोकवावे. मासळीसाठी लागणारी लादी जेथे तयार होते, त्या जुन्या पद्धतीच्या कारखान्यात मध्यभागी टाकी असते ती खाऱ्या पाण्याची. अमोनियाच्या नळ्या त्या पाण्याला शून्याच्या बऱ्याच खाली नेतात. गोड्या पाण्याने भरलेले पत्र्याचे डबे त्यात बुडवतात. डब्यातले पाणी गोठते, भोवतालचे गोठत नाही. बर्फाच्या स्फटिकात मिठाच्या कणांना थारा नसतो; त्यांच्या अडथळ्यामुळे खारे पाणी गोठायला अधिक थंडी लागते. मीठ सुमारे २३ टक्के असेल, तर हा बिंदू उणे २१ अंश सेल्सियसपर्यंत उतरतो. टाकीत नुसते गोडे पाणी असते तर डब्यांसकट सारी टाकीच एक लादी झाली असती!

ही युक्ती यंत्राहून जुनी आहे. १८३० च्या दशकात अमेरिकेतून जहाजाने मुंबईत बर्फ येऊ लागला, त्याचे कौतुक अजून सांगतात. पण तो बर्फ वितळतो शून्य अंशाला, आणि साखर घातलेले दूध शून्याला गोठत नाही. आईस्क्रीमच्या लाकडी पॉटमध्ये बर्फावर जाडे मीठ टाकावेच लागते. त्या मिठाचा उल्लेख बर्फाच्या कथेत क्वचितच येतो.

म्हणजे मीठ गेले नाही, माशातून टाकीत गेले. खारवलेल्या बांगड्यातले मीठ जिभेला कळते. टाकीतले गिऱ्हाइकापर्यंत पोहोचतच नाही, म्हणून इतिहास लिहिणाऱ्यांच्याही नजरेतून ते निसटले. शिवाय यंत्र परदेशी आणि मीठ गावचे, हा आपला जुना पंक्तिप्रपंच आहेच.

आणि खारवणे तरी कुठे संपले? पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढल्या की मालवणच्या घराघरांत खारी आणि सुकी मासळीच बाहेर निघते.