आधी विचारायचं कुणी?

दिवाळी अंक घरोघरी पोचतात, त्याच सुमारास पदवीच्या पहिल्या सत्राच्या परीक्षा येतात. यंदाच कॉलेजात गेलेल्या काही मुलांना या दिवसांत अभ्यासाहून मोठी काळजी असते: लेखनिक मिळेल का, जादा वेळेच्या अर्जावर सही होईल का, पेपर तळमजल्यावर असेल का?

शाळेत ही धावपळ आई-बाबा करतात. बाईही मुलाला ओळखून असतात. कॉलेजात अठरा वर्षांच्या मुलाला ऑफिसच्या खिडकीशी उभं राहून, मागे रांग खोळंबलेली असताना, आपली अडचण स्वतः सांगावी लागते. डिस्लेक्सिया असलेलं मूल दिसायला धडधाकट. ‘तुला काय झालंय?’ या प्रश्नाच्या धास्तीनं कुणी अर्जच करत नाही.

कायदा त्यांच्या बाजूनं आहे. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं येतात. परीक्षेत ताशी किमान २० मिनिटं जादा, म्हणजे तीन तासांच्या पेपरला आणखी एक तास, हे केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. लेखनिकासाठी ४० टक्के अपंगत्वाची अट लावता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२१मध्ये विकास कुमार खटल्यात सांगितलं.

त्याच वर्षी सप्टेंबरात मुंबईत ‘नीट’ला बसलेल्या, डिसग्राफिया (लिहिण्यातली अक्षमता) असलेल्या एका मुलीची उत्तरपत्रिका इतरांबरोबरच काढून घेतली गेली. तिच्या हक्काचा तास गेला. उच्च न्यायालयात दाद लागली नाही. तिच्यावर अन्याय झाला, हे २३ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयानं मान्य केलं. फेरपरीक्षा मात्र मिळाली नाही. अपंगत्वाचं प्रमाणपत्र तिच्याकडे होतं. नियम परीक्षा केंद्रापर्यंत पोचला नव्हता.

म्हणून या अंकाचं म्हणणं एवढंच: पहिला प्रश्न कॉलेजनं विचारावा. प्रवेशाच्या वेळीच, प्रत्येकाला, ‘शिकताना, परीक्षा देताना तुला काय लागेल?’ जोगेश्वरी पूर्वेच्या टेकडीवर १९३० साली सुरू झालेलं इस्माईल युसूफ कॉलेज घ्या. चढावरच्या अशा आवारात व्हीलचेअरवरच्या मुलीचा वर्ग तळमजल्यावर ठेवायला पैसे लागत नाहीत. वेळापत्रक आखण्याआधी ती येणार आहे, एवढं ठाऊक असावं लागतं.

कॉलेजनं स्वतः पुढाकार घेतल्याचं उदाहरण मुंबईतच आहे. सेंट झेवियर्स कॉलेजात दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठीचं संसाधन केंद्र २००३पासून चालतं. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील याच कॉलेजात शिकल्या. सहाव्या वर्षी दृष्टी गेलेल्या प्रांजल २०१७ साली यूपीएससीत देशात १२४व्या आल्या आणि सनदी अधिकारी झाल्या.

वाचकांकडे एक मागणं आहे. लेखनिकाचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा कमी असावं लागतं, त्यामुळे कॉलेजच्या मुलांना बहुधा अकरावी-बारावीची मुलं शोधावी लागतात. ऐन पेपरच्या सकाळी कुणी आजारी पडलं, तर परीक्षार्थीचे हातपाय गळतात. घरात अकरावी-बारावीचं मूल असेल, अक्षर सुवाच्य असेल, तर दिवाळीच्या सुट्टीत जवळच्या कॉलेजात त्याचं नाव लेखनिक म्हणून देऊन ठेवावं.