लेकीचा वाटा डोंगरावर का पोचत नाही?

मैत्रिणींनो, १९९४ साली महाराष्ट्राने आणि २००५ साली देशाने लेकीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका वाटा दिला. स्त्री-चळवळीचा विजय म्हणून आपण तो मिरवतो. मी विचारते, जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात हिरडा वेचणाऱ्या महादेव कोळी बहिणीचं काय? केंद्राच्या अधिसूचनेशिवाय हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना लागूच नाही; कलम २(२) वाचा. तिचा वाटा रूढीवर सोडलेला!

म्हणे, जमीन बाहेर जाईल. आदिवासींची जमीन परवानगीविना बिगर-आदिवासींकडे जाऊ नये, असा कायदा आहेच. २००६ च्या वनहक्क कायद्याने पट्ट्यावर नवरा-बायको दोघांची नावं घातली, तेव्हा कुठली रूढी बुडाली? लेकीच्या वाट्याचा ठराव आदिवासी बायांनीच ग्रामसभेत मांडावा. आपण त्यांच्यापुढे नको, पाठीशी उभं राहू.