भय पेरणारा लक्षात, भय उपटणारी विस्मृतीत

१/ ‘चार लोकांत बोलायला घाबरायचे काय?’ असे हसून विचारणाऱ्यांनी हा धागा अवश्य वाचावा. या प्रश्नाचे उत्तर १०० वर्षांपूर्वीच मिळाले आहे. आपण ते वाचलेले नाही, इतकेच.

२/ मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत ‘लिटल अल्बर्ट’ हमखास भेटतो. १९२० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात जॉन वॉटसन आणि रोझाली रेनर यांनी ११ महिन्यांच्या या बाळापुढे पांढरा उंदीर आणला आणि पाठीमागे पोलादी दांड्यावर हातोडा हाणला. असे अनेकदा केल्यावर नुसत्या उंदरानेही बाळ रडू लागले. हे भय न घालवताच प्रयोग संपला.

३/ १९२४ साली मेरी कव्हर जोन्स यांनी नेमके उलट काम प्रसिद्ध केले. जेमतेम ३ वर्षांचा पीटर सशाला भीत असे. सशाशी खेळणाऱ्या मुलांच्या संगतीत तो सावरू लागला. पण मध्येच आजारपण आले, एक मोठा कुत्रा अंगावर आला आणि भय परतले. मग तो आवडीचा खाऊ खात असताना पिंजऱ्यातला ससा हळूहळू जवळ आणला गेला. अखेर पीटर त्याला कुरवाळू लागला.

४/ जोन्स यांनी इतर मुलांवर अन्य उपायही तपासले. नुसते समजावणे, भीतीच्या वस्तूपासून दूर ठेवणे, चिडवणे यांपैकी कशानेही भय खात्रीने गेले नाही. आपल्या घरांत आणि शाळांत आजही हेच तीन उपाय चालतात!

५/ १९५८ साली जोसेफ वोल्पे यांनी पायरीपायरीने भयाला सामोरे नेणारी उपचारपद्धती ग्रंथरूपाने मांडली. आज सामाजिक भयगंडावरही याच दिशेने उपचार होतात: आधी एका अनोळखी माणसाशी बोलणे, मग छोट्या गटात, मग सभेत; ‘सगळे मला हसतील’ ही समजूत प्रत्यक्ष पडताळणे; गरजेनुसार औषधे.

६/ ‘ही सगळी आजकालची फॅडे!’ अमेरिकी मनोविकार-वर्गीकरणात ‘सोशल फोबिया’ १९८० साली आला, हे खरे. परंतु नोंदीची तारीख ही दुःखाची जन्मतारीख नव्हे.

७/ स्नेहसंमेलनात थरथरणाऱ्या मुलाला मंचावर ढकलून वर त्याची नक्कल करणारा शिक्षक त्याला धीट करत नसतो. तो वॉटसनचा हातोडा हाणत असतो. अल्बर्ट शिकवा, पण त्याच तासाला पीटरही शिकवा.