ग्राफीनचे स्थान : संवेदकात की फवारणी पंपात?

बंगळुरूचा एचएसआर लेआउट हा परिसर नवउद्योगांचे केंद्र म्हणून ओळखला जातो. शेतीसाठी उपकरणे व सेवा पुरवणारे नवउद्योगही तेथे आहेत. प्रयोगशाळेतील नवा पदार्थ आज बहुधा अशाच वाटेने शिवारात पोहोचतो. म्हणून ग्राफीनचे शेतीतील योग्य स्थान कोणते, हे तो बांधावर येण्यापूर्वीच ठरवायला हवे.

ग्राफीन म्हणजे कार्बनचा एका अणूइतक्या जाडीचा पापुद्रा. मँचेस्टर विद्यापीठातील आंद्रे गाइम व कॉन्स्टँटिन नोव्होसेलोव्ह यांनी २००४ मध्ये साध्या चिकटपट्टीने ग्रॅफाइटपासून तो सुटा केला आणि २०१० मध्ये त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या पापुद्र्याचा प्रत्येक अणू पृष्ठभागावरच असतो. त्यामुळे भोवतालच्या सूक्ष्म बदलानेही त्याची विद्युतवाहकता बदलते. ग्राफीन ऑक्साइड हे त्याचे रूप पाणी सहज धरून ठेवते. या गुणाचा उपयोग करून मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी मातीतील ओलावा मोजणारा सूक्ष्म संवेदक विकसित केला. त्याविषयीचे संशोधन २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. ठिबकच्या पाळ्या अंदाजाने ठरवणाऱ्या बागायतदाराला अशा संवेदकाचे मोल वेगळे सांगायला नको. शिवाय येथे ग्राफीन उपकरणातच राहते. ते शेतभर पसरत नाही.

फवारणीचे तसे नाही. ग्राफीन ऑक्साइड कीटकनाशकासोबत वापरल्यास मक्यावरील खोडकिडीच्या अळीवर अधिक परिणाम होतो, असे चिनी संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवले. हे पापुद्रे अळीच्या त्वचेला इजा करतात. त्यामुळे शरीरातील पाणी घटते आणि कीटकनाशक आत शिरणे सोपे होते. कमी मात्रेत अधिक परिणाम, हे त्याचे आकर्षण निश्चितच मोठे आहे. तथापि कीटकाची त्वचा केवळ किडीलाच असते असे नाही. ट्रायकोग्रामा, क्रायसोपा, ढालकिडा आणि मधमाशी यांचेही रक्षण तसेच मेणचट आवरण करते. रासायनिक कीटकनाशकात काही प्रमाणात तरी निवडकपणा साधता येतो. शारीरिक इजा मित्र-शत्रू ओळखेलच, याची खात्री कशी द्यावी? एकात्मिक कीड व्यवस्थापनाचा हिशेब मेलेल्या किडींबरोबरच जगलेल्या मित्रकीटकांवरही मांडावा लागतो.

दुसरा प्रश्न शुद्धतेचा. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातील संशोधकांनी जगभरातील ६० उत्पादकांचे नमुने तपासले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार बहुतांश नमुन्यांत खऱ्या ग्राफीनचे प्रमाण १० टक्क्यांहूनही कमी होते. डब्यावरील नाव म्हणजे डब्यातील पदार्थ नव्हे.

म्हणून विस्तार कार्यकर्त्यांनी ग्राफीनयुक्त कीडनाशकाची शिफारस करण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात : कीटकनाशक कायदा, १९६८ अन्वये नोंदणी आहे काय, संबंधित पिकावरील क्षेत्रीय चाचण्यांचे निष्कर्ष उपलब्ध आहेत काय, आणि मित्रकीटक व मधमाश्यांवरील परिणाम तपासले आहेत काय. नॅनो-आधारित कृषी निविष्ठांच्या मूल्यमापनासाठी केंद्र सरकारने २०२० मध्येच मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आहेत.

मित्रकीटकांवर काम करणारा राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरो बंगळुरूतच, हेब्बाळला आहे. एचएसआर लेआउटमधून निघालेले फवारणीचे उत्पादन शेतात येण्याआधी अशा कीटकतज्ज्ञांच्या कसोटीवर उतरावे. तोवर ग्राफीनचे स्वागत संवेदकात व्हावे. फवारणी पंपात नव्हे.