फियाट द्यावी की राखावी?

गेल्या दिवाळीत इंदूरचे एक स्नेही, व्यवसायाने अस्थिरोगतज्ज्ञ, फराळाच्या निमित्ताने घरी आले आणि जाता जाता एक प्रस्ताव ठेवून गेले. त्यांच्याकडे अँबेसेडर मार्क टू आहे. काळी, देखणी, आतील लाल गाद्यांसकट मूळ रूपात सांभाळलेली. माझ्याकडे तीर्थरूप दादांची १९६८ सालची फियाट ११०० डिलाइट आहे. रंग उडालेली, पण चालती. 'तुमची फियाट मला द्या, माझी अँबेसेडर तुम्ही घ्या. पैशाचा प्रश्नच नाही,' असे ते म्हणाले. मी विचार करून सांगतो म्हटले. त्या विचाराला पाच महिने लागले. स्मरणिकेच्या संपादकांनी लेख मागितला तेव्हा वाटले, हा विचार व्यवसायबंधूंपुढे आणि आपल्या समाजापुढे मांडावा. वरवर पाहता हा हौशी माणसाच्या चोचल्याचा विषय आहे. परंतु त्यात शिरल्यावर मला जे सापडले, ते केवळ मोटारीपुरते राहिले नाही.

प्रथम या दोन गाड्यांविषयी. आज चाळिशीच्या आत असलेल्या डॉक्टरांना कल्पना येणार नाही, परंतु जवळजवळ तीन दशके या देशात मोटार म्हणजे मुख्यतः या दोनच. हिंदुस्थान मोटर्सने ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्डवरून १९५७ पासून अँबेसेडर काढली. ती पुढे कलकत्त्याजवळच्या उत्तरपाडा येथे २०१४ पर्यंत बनत राहिली. फियाट मात्र आपल्या मराठी मुलुखाची. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि मुंबईत कुर्ल्याला कारखाना उभा राहिला. १९५० च्या दशकातील तिच्या गोलमटोल मोटारीला मुंबईकरांनी 'डुक्कर फियाट' म्हणावे, १९६४ पासून डिलाइट यावी, १९७४ मध्ये तिचे नाव पद्मिनी व्हावे आणि २००० च्या सुमारास उत्पादन थांबावे, असा तो प्रवास. मुंबईच्या रस्त्यावरील नोंदणीकृत शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली, तेव्हा वर्तमानपत्रांनी तिच्यावर मृत्युलेखासारखे लेख लिहिले.

वालचंदांच्या चरित्रातील एक धागा आपल्या माळव्याशी जुळतो, तो सांगितल्यावाचून राहवत नाही. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात एक मोठे जहाज विकत घेऊन त्याचे रुग्णालय-जहाज केले होते. त्याचे नाव 'लॉयल्टी'. युद्ध संपल्यावर तेच जहाज वालचंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकत घेतले, आपल्या नव्या कंपनीला 'सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन' हे नाव दिले आणि ५ एप्रिल १९१९ रोजी ते मुंबईहून लंडनकडे निघाले. तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. ज्या उद्योजकाने पुढे दादांची फियाट बनविणारा कारखाना काढला, त्याच्या पहिल्या मोठ्या साहसाला शिंद्यांच्या रुग्णांची नौका लाभली होती. मोटार आणि रुग्णसेवा यांचे नाते मला या योगायोगात दिसते.

आता दादांची गोष्ट. दादांनी १९६० च्या दशकात फ्रीगंजमध्ये दवाखाना थाटला. सकाळी दवाखाना, दुपारी थोडी झोप, आणि चार वाजल्यापासून व्हिजिटा. गोपाळ मंदिर, पटनी बाजार, कार्तिक चौक, सिंहपुरी. कधी घट्टिया, कधी तराणा. प्रथम सायकल, मग स्कूटर. मोटार घ्यायची ठरली तेव्हा त्यांना हवी होती ती अँबेसेडर. कारण त्यांनी आईला सांगितले होते आणि आईने आम्हांला: 'मागच्या गादीवर माणूस आडवा निजवता येतो.' खेड्यातून अडलेली बाळंतीण किंवा पाय मोडलेला शेतकरी इस्पितळात आणायचा तर बैलगाडी किंवा ट्रक. त्यापेक्षा आपली गाडी बरी, एवढाच त्यांचा हिशेब. परंतु तो काळ परवान्यांचा आणि प्रतीक्षायादीचा. नाव नोंदवून वर्षे वाट पाहायची. दोन्हीकडे नाव घातले होते. क्रमांक आधी फियाटचा लागला. दादांनी ती घेतली आणि अँबेसेडरचा विषय पुन्हा काढला नाही.

फियाटही त्यांना फळली. आकाराने लहान असल्याने जुन्या शहराच्या बोळांतून ती सहज निघे. गिअर स्टिअरिंगच्या दांड्यालाच असल्यामुळे पुढच्या सलग गादीवर दादा, कंपाउंडर आणि व्हिजिटची पेटी अशी तिघांची सोय होई. गाडीचा आवाज ओळखून लोक दार उघडीत. १९८० च्या सिंहस्थात दादा रात्री दोन-दोन वाजता घरी येत आणि आम्ही मुले त्या इंजिनाच्या आवाजावर कूस बदलून पुन्हा झोपत असू.

म्हणून इंदूरच्या स्नेह्यांचा प्रस्ताव आला तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो हाच, की दादांची अपुरी राहिलेली इच्छा आता आपण पुरी करू शकतो. त्यांना हवी होती ती गाडी त्यांच्या अंगणात उभी राहील. या विचाराने मी जवळजवळ होकार देऊन बसलो होतो.

व्यवहाराची बाजूही अदलाबदलीच्याच पारड्यात होती, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. अँबेसेडर चाळीस वर्षे सरकारी कचेऱ्यांतून धावली, त्यामुळे तिचे सुटे भाग आजही तुलनेने सहज मिळतात. फियाटचा भाग हवा तर मुंबईच्या जुन्या बाजारात कोणी ओळखीचे शोधावे लागते. माझे मिस्त्री आता सत्तरीच्या पुढे आहेत. बॉनेट उघडून नुसत्या आवाजावरून व्हॉल्वचा दोष सांगणारा त्यांच्यामागे कोणी तयार झालेला नाही. इंधनाचे दुखणे वेगळेच. शिसेविरहित पेट्रोल २००० सालापासून देशभर आले, ते जनतेच्या, विशेषतः मुलांच्या आरोग्यासाठी सर्वस्वी योग्यच होते. परंतु शिशाच्या लेपावर जगणारी जुनी इंजिने त्याने कुरकुरली. आता २०२५ पासून पंपावर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल आहे. इथेनॉल पाणी ओढते आणि जुन्या रबरी नळ्या व कार्ब्युरेटरमधील वायसर खराब करते. मला सगळ्या नळ्या बदलाव्या लागल्या. वृद्ध रुग्णाला नवे औषध देताना आपण मूत्रपिंडाचा विचार करतो, तसाच हा प्रकार. शिवाय स्नेह्यांचा मुलगा अभियंता आहे, हौशी आहे. त्याच्या हाती फियाट माझ्यापेक्षा चांगली राहील, यात मला शंका नाही.

मग माझे मन फिरले कशाने? एका सरकारी नियमाने.

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये जुन्या वाहनांसाठी नवा नियम केला. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली दुचाकी वा चारचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदविता येते. तिला 'व्हीए' अक्षरांची वेगळी नंबरपाटी मिळते, नोंदणी दहा वर्षांची असते. नियम चांगला आहे. वारसा जपण्याची त्यात दृष्टी आहे. परंतु त्यात एक अट आहे: अशी गाडी नित्य वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, दुरुस्ती, पेट्रोल भरणे, एवढ्यासाठीच ती बाहेर निघावी. उलट, साधी नोंदणी चालू ठेवायची तर दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण करावे लागते. खर्च आणि कटकट अधिक, पण गाडी गाडीच राहते.

स्नेह्यांनी सांगितले की त्यांची अँबेसेडर ते व्हिंटेज म्हणून नोंदविणार आहेत आणि मीही तसेच करावे. त्या क्षणी मला वडिलांच्या इच्छेचा खरा अर्थ लक्षात आला. दादांना अँबेसेडर हवी होती ती अँबेसेडर म्हणून नव्हे. त्यांना रुग्ण आडवा निजवायला जागा हवी होती. आज ते काम १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका करते, आणि ते दादांच्या गाडीपेक्षा कितीतरी चांगले करते. रिकाम्या गादीची काळी अँबेसेडर शेडमध्ये उभी करून, वर्षातून एकदा रॅलीला नेऊन मी त्यांची कोणती इच्छा पुरी करणार होतो? इच्छेतील माणूस गळून गेला आणि पत्रा तेवढा उरला, असे ते झाले असते.

याचे भव्य उदाहरण आपल्या शेजारीच आहे. इंदूरच्या यशवंतराव होळकर महाराजांनी १९३० च्या दशकात अमेरिकन ड्यूसेनबर्ग मोटारीवर लंडनच्या कारागिरांकडून खास साचा बनवून घेतला होता. जगातील अत्यंत देखण्या मोटारींत तिची गणना होते. ती पुढे अमेरिकेत गेली. कोणी म्हणेल, उत्तम झाले; ती तेथे जपली गेली. मान्य. राजाची हौस सौंदर्याची होती आणि सौंदर्य कोठेही जपता येते. पण डॉक्टरची गाडी सुंदर नव्हतीच कधी. तिचे मूल्य तिच्या जाण्यायेण्यात होते. ती काचेआड ठेवली तर नेमके जे जपायचे तेच हरवते.

येथे मी व्यवसायबंधूंना एक अप्रिय गोष्ट सांगणार आहे. आपण व्हिजिट बंद केली. मीही केली. कारणे खरी आहेत: तपासण्या घरी होत नाहीत, गंभीर रुग्णाला इस्पितळच हवे, कायद्याची भीती आहे, आणि वेळ नाही. परंतु गेल्या पाच महिन्यांत मी फियाट बाहेर काढून जुन्या शहरात काही घरी गेलो, तेव्हा काय दिसले? आपल्या समाजातील किती वाड्यांत आता केवळ दोन वृद्ध राहतात. मुले पुण्याला, बंगळूरला, अमेरिकेत. एका काकूंना रक्तदाबाच्या दोन गोळ्या दोन वेगवेगळ्या डॉक्टरांनी दिलेल्या. नावे निराळी, औषध एकच. दोन्ही त्या नेमाने घेत होत्या. दवाखान्यात त्या एकच पाकीट घेऊन येत. दुसरे देवघरातल्या डब्यात होते. दुसऱ्या घरी आजोबा वारंवार पडत. कारण पाहिले तर न्हाणीघराच्या उंबऱ्याशी दिवाच नव्हता. या दोन्ही गोष्टी कोणत्याही स्कॅनमध्ये दिसल्या नसत्या. त्या दिसायला घरात जावे लागते.

एवढ्यासाठी फियाटच हवी का, असे कोणी विचारील. नको. रिक्षानेही जाता येते. परंतु मनुष्य स्वभावाने आळशी असतो, आणि मला तरी त्या गाडीने बाहेर काढले. सुरू ठेवायची तर आठवड्यातून एकदा चालवावी लागते; चालवायची तर कोठेतरी जायला हवे; मग कोणाकडे तरी जावे. गाडी माझी काळजी घेते की मी गाडीची, हे आता सांगता येत नाही.

तेव्हा इंदूरच्या स्नेह्यांना मी नम्रपणे नकार कळविला. त्यांच्या अँबेसेडरबद्दल माझ्या मनात लोभ नाही असे नाही; ती गाडी पाहिली की आजही मान वळते. प्रेमापोटी अदलाबदल करणाऱ्यांना मी दोष देत नाही. मात्र अशा प्रसंगी 'कोणती अधिक प्रिय?' हा प्रश्न फार दूर नेत नाही, कारण दोन्ही प्रिय असतातच. 'कोणती घेतल्यावर मी काय करीन?' हा प्रश्न विचारावा. उत्तर लवकर मिळते. माझ्या बाबतीत अँबेसेडर घेऊन मी ती पुसली असती. फियाट ठेवून मी ती चालवितो.

फियाटची नोंदणी मी साधीच ठेवली आहे. माझ्यानंतर ती कोणी चालविणारा भेटला नाही, तर तीही खुशाल इंदूरच्या त्या हौशी मुलाकडे जावी. माझी हरकत नाही.

आपल्या डॉक्टर मंडळाला एक विनंती करून थांबतो. महिन्यातून एक रविवार, प्रत्येकाने समाजातील दोन वृद्धांच्या घरी जावे. औषधांचे डबे पाहावेत, न्हाणीघराचा दिवा पाहावा, चहा घ्यावा. ज्यांना वाहनाची अडचण असेल त्यांनी मला सांगावे. माझ्या फियाटच्या पुढच्या गादीवर अजून दोघांची जागा आहे.